सायलेन्सरवरचा दिवा

"आफरीन, खरं सांग, हे तू केलंयस की दुबईच्या मामांनी रेडीमेड पाठवलंय?"

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, भर हॉलमध्ये, परीक्षकांच्या देखत मनस्वीने हे विचारलं. विचारून दाखव, अशी पैज तिच्या वर्गातल्या अंकिताने लावली होती. वर्षापूर्वी असं काही बोलायच्या आधी मनस्वी तीनदा पाणी प्यायली असती. पण वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून तिच्या जिभेचा ब्रेकच निकामी झाला होता.

आफरीन चिडली नाही. हाच तिचा वाईट गुण. तिने यंत्र उलटं करून दाखवलं. बिस्किटाएवढी चकती. तिची एक बाजू गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरला चिकटवायची, दुसरीवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा बसवून ती गार ठेवायची. इकडे गरम, तिकडे गार, की मधून वीज वाहते आणि धुरासोबत फुकट जाणाऱ्या उष्णतेवर दिवा लागतो.

"चकती ऑनलाइन मागवली, सर," ती म्हणाली. "बसवायला मनस्वीचे पप्पा होते, तुळशीराम काका. त्यांच्याच ट्रेलरमधून कर्नाळ्यापर्यंत जाऊन आलो. दिवा एकदाही विझला नाही."

मनस्वीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपले पप्पा? आपला ट्रेलर? आणि आपल्यालाच पत्ता नाही? परीक्षक तर आफरीनवर खूशच झाले. सोमवारी ट्रेलर मैदानात आणा, चालू इंजिनावर दिवा बघतो आणि मग जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी नाव पाठवतो, म्हणाले. मनस्वीच्या पाण्याच्या फिल्टरला त्यांनी "छान" म्हटलं, तेही पुढे सरकता सरकता.

घरी आल्यावर तिने पप्पांना धारेवर धरलं. तुळशीराम न्हावा शेवा बंदराच्या खेपेवरून नुकताच आला होता, पाय धूत होता.

"ती पोर आली, इचारलं, मी हो बोललो," तो म्हणाला. "तू कवा इचारलंस? सातवीपासून गाडीत बसली नायस. डिझेलचा वास येतो ना तुला."

मनस्वी त्या रात्री जेवलीच नाही. तिच्या आईने, वेणूने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "एवढी जळतेस, तुज्यावर दोन भाकऱ्या भाजून घेऊ काय?"

रविवारी संध्याकाळी उद्याच्या तयारीसाठी तुळशीरामने अंगणाबाहेर ट्रेलर चालू केला. यंत्र आफरीन सकाळीच येऊन सायलेन्सरवर परत बसवून गेली होती. मनस्वी मुद्दाम लांब, पायरीवर बसली. दिवा लागला, झकास लागला, आणि दहा मिनिटांत पिवळा पडत पडत विझला.

ती चटकन उठली. ठोकळ्याजवळ हात नेला, तर तो चटका देण्याइतका तापलेला. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कर्नाळ्याच्या रस्त्यावर गाडी पळत होती, पात्यांना वारा लागत होता. उभ्या गाडीला वारा कुठला? दोन्ही बाजू गरम झाल्या, वीज संपली. आणि उद्या मैदानात गाडी उभीच असणार.

तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने तोंड फिरवलं. गप्प बसलं की झालं. उद्या सगळ्या शाळेसमोर आफरीनचा दिवा विझेल.

तुळशीराम मात्र विझलेल्या दिव्याकडे बघत उभा होता, स्वतःचीच गाडी रस्त्यात बंद पडल्यासारखा. त्याने केबिनच्या आरशाला टांगलेली बाटली काढली आणि तो पाणी प्यायला. बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं. बंदराच्या रांगेत चार-चार तास उभं राहणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांची पाणी गार ठेवायची हीच रीत.

पप्पांचा पडलेला चेहरा बघवेना, तशी मनस्वीने त्याच्या हातातून बाटली घेतली. गोणपाट सोडलं, भिजवलं आणि कपड्याने हात झाकून ठोकळ्याभोवती बांधलं. चर्रर्र आवाज झाला, वाफ निघाली. जरा वेळाने दिवा मिणमिणला, मग नीट लागला. पाणी शिंपडत राहिली तोवर अर्धा तास लागूनच राहिला.

"तुला कसं सुचलं गं?" तुळशीरामने विचारलं. इतक्या कौतुकाने त्याने तिच्याकडे कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

मनस्वीने विचार केला. गप्प बसावं, तर आफरीन काही बुद्दू नाही. दोन दिवसांत तीच उपाय शोधेल, पुन्हा पप्पांनाच विचारायला येईल, आणि गोणपाटही तिचंच होऊन बसेल. ते काही खपवून घ्यायचं नाही.

"पप्पा, आई, ऐका," ती म्हणाली. "मी आत्ता आफरीनकडे चालले. गाडी उभी राहिली की काय होतं ते सांगणार, आणि गोणपाट माझं आहे तेही सांगणार. तिच्या नावाखाली माझं नाव लागणार. आणि उद्या मैदानात पप्पांच्या शेजारी मी उभी राहणार. तिला म्हणावं, तू पलीकडच्या बाजूला थांब."