लाल झालेलं फडकं

बागकाम-घरकाम मंडळाच्या सभेला एरवी दहा-बारा माणसं, त्यातली निम्मी चहासाठी. त्या दुपारी मात्र खिडक्यांतूनही डोकी डोकावत होती. कलमं, खतं, टोमॅटोवरची कीड सगळं बाजूला पडलं. फडकंवाले बाबा आले होते.

समोर शिंपीणबाईंची मुलगी बसली होती. तिला फिट्स यायच्या, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. बाबांनी तिच्या मनगटावर पिवळं फडकं बांधलं, काहीतरी पुटपुटले, मग ते सोडून आपल्या वाटीतल्या पाण्यात बुडवलं. फडकं लालभडक!

सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"सात पिढ्यांची बाधा," बाबा म्हणाले. "गोळ्या आजच बंद. औषधाच्या वासानं बाधा चवताळते."

शिंपीणबाईंनी गोळ्यांची पाकिटं पिशवीतून काढून बाबांपुढे ठेवली.

मी मंडळाचा चिटणीस. इतिवृत्तात लिहिलं, 'फडकं लाल झालं.' चार महिन्यांपूर्वी याच बाबांच्या वाटीत माझ्या बायकोचंही फडकं लाल झालं होतं. आम्ही तिचं इन्सुलिन थांबवलं. चौथ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही.

"बाधेला नाक असतं का हो?" धोबीणमावशींनी विचारलं. त्या दिवशी डाग कसे काढावेत हे त्या सांगणार होत्या. त्यांची बादली, सोडा, लिंबं तयार होती. "फडकं हळदीत रंगवलंय ना?"

"हे सिद्ध वस्त्र आहे!"

"असू दे." मावशींनी बाबांच्या झोळीतून दुसरं पिवळं फडकं ओढलं आणि कुणालाही न लावता थेट सोड्याच्या पाण्यात बुडवलं. लाल. वर लिंबू पिळलं. पुन्हा पिवळं.

"हळदीला धुण्याचा सोडा लागला की ती लाल होते. रोज बघते मी. आता माझ्या बादलीलाही सात पिढ्यांची बाधा का? बाबा, तुमच्या वाटीतलं पाणी जरा पिऊन दाखवा."

"ते... विटाळलं आता," म्हणत बाबांनी झोळी उचलली. सभागृह हसत सुटलं. शिंपीणबाईंनी पाकिटं उचलून छातीशी धरली.

मला हसू आलं नाही, रडूही नाही. मी उभा राहिलो.

"माझी बायको बाधेनं गेली नाही. इन्सुलिन बंद केल्यानं गेली. बंद मी केलं."

हसणं थांबलं.

"कुणी चमत्कार दाखवला तर आपल्या भांड्यात, आपल्या पाण्यात करून बघा. आणि औषध थांबवण्याआधी डॉक्टरांना विचारा. मी एवढंही विचारलं नव्हतं."