दहा पावलं अलीकडे

मित्रांनो, वडगावच्या माळावर उभा असलेला हद्दीचा जुना दगड तो मीच. माझ्या एका अंगावर ‘खा’ कोरलेलं आहे, दुसऱ्या अंगावर ‘सं’. ‘खा’ म्हणजे खालसा, इंग्रज सरकारचा मुलूख. ‘सं’ म्हणजे संस्थान. बेळगावकडून आलेला वारा माझ्या अलीकडे इंग्रजी असायचा आणि पलीकडे संस्थानी व्हायचा. वाऱ्याला त्याचं काही वाटत नसे. माणसांना फार वाटे.

एकोणीसशे आठ साली वडारांनी मला खाणीतून काढलं आणि छिन्नीने चार बाजू साफ केल्या. मोजणीदाराने साखळी टाकली, दोन्हीकडच्या पाटलांनी मान डोलावली आणि मला कमरेइतकं पुरलं. साहेबाने माझ्यावर हात ठेवून म्हटलं, “हा हलणार नाही.” मला भरून आलं. जन्मल्या दिवशी एवढी स्तुती कुणाच्या वाट्याला येते?

माझं काम सोपं होतं. काही करायचं नाही. पण त्या न करण्याला कायद्यात वजन होतं. खालशाचा पोलीस माझ्या पलीकडे जाऊन कुणाला धरू शकत नसे. त्याला अर्ज करावा लागे, तो अर्ज संस्थानच्या कचेरीत जाई, तिथे सावकाश वाचला जाई, आणि तोवर चोर म्हातारा होई. त्यामुळे पाठलाग माझ्यापाशी येऊन थांबायचे. पळणारा ‘सं’च्या बाजूला धापा टाकत बसायचा, पोलीस ‘खा’च्या बाजूला. मग दोघे माझ्या डोक्यावर तंबाखू मळायचे. चिमूट इकडून तिकडे जायला परवाना लागत नसे.

खालशाच्या चौकीचे हवालदार अंबाजी हे कायद्याने चालणारे गृहस्थ. सोबतच्या भरमू शिपायाला ते माझ्यासमोरच शिकवत.

“भरमू, अटक म्हंजे काय रं?”

“धरून आणायचं.”

“खुळ्या! अंगाला हात लावायचा, न्हाय तर त्यानं आपणहून ‘आलो’ म्हणायचं. वॉरंट असंल तर काय लिवलंय ते सांगायचं. बघतो म्हणाला तर दाखवायचं. पळत नसंल तर दोरी लावायची न्हाय.”

“आणि पळाला तर?”

“दगडापत्तोर पळायचं. म्होरं न्हाय.”

हे ऐकून मला आपण न्यायखात्यातच नोकरीला आहोत असं वाटे.

एकोणीसशे एकतीस साल उजाडलं. संस्थानातल्या वडगावचा विणकर यमनाप्पा रोज दुपारी चारला माझ्यापाशी यायचा. त्याची बायको अंजनी विणलेली लुगडी घेऊन बेळगावच्या खडेबाजारात जायची आणि सुताचं ओझं घेऊन परत यायची. ते ओझं उतरवून घ्यायला हा यायचा. विणकराची नजर हातभर अंतराची. मागावरचा तुटका धागा त्याला दिसे, माळावरचं माणूस दिसत नसे. तो बोटांनी माझं ‘सं’ चाचपायचा आणि त्याला पाठ टेकून बसायचा. अशी पाठ दुसऱ्या कुणी मला टेकली नव्हती. पोलीस आणि चोर तर नुसते डोक्यावर बसत.

त्या चैत्रात बेळगावात एका व्यापाऱ्याचं गोदाम जळलं. दिवसाढवळ्या, चारच्या सुमाराला. त्याच्या आठवडाभर आधी यमनाप्पाचं लुगडं त्या व्यापाऱ्याने ‘पोत बरं नाही’ म्हणून परत केलं होतं आणि यमनाप्पा भर पेठेत म्हणाला होता, “जळो तुमचं गोदाम!” वॉरंट निघायला तेवढं पुरलं.

गोदाम कुणी जाळलं ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी चारला यमनाप्पा मला पाठ टेकून बसला होता, हे मला पक्कं ठाऊक आहे. अंजनीने तसं सांगितलं. बायकोचं कोण ऐकणार? दगडाची साक्ष घेतात, पण हद्दीपुरती.

यमनाप्पाने खालशात पाऊल टाकणं बंद केलं. माझ्यापाशी मात्र तो यायचाच. अंबाजी हवालदार वॉरंट घेऊन ‘खा’च्या बाजूला उभे राहायचे.

“यमनाप्पा, ये की रं इकडं. बोलायचं हाय.”

“तिथनंच बोला, हवालदार. मला ऐकू येतंय, डोळं तेवढं अधू हैत.”

“कोर्टापुढं खरं सांग, सुटशील.”

“खरं हितंबी सांगतोय. सुटलोय का?”

पंधरा दिवस असे गेले. मग वरच्या साहेबाने अंबाजींना सांगितलं, चार दिवसांत आरोपी आण, नाहीतर कमरेचा पट्टा ठेवून घरी जा.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते दोघे पहार घेऊन आले. माळावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी मला उपटलं. माझ्या बुडाखालचा कोळसा उघडा पडला. हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरतात, कारण तो कुजत नाही. दगड हलवला तरी खरी जागा त्यावरून सापडते. भरमूने त्यावर माती लोटली आणि वर बाभळीची काटेरी फांदी टाकली. मला लोळवत त्यांनी दहा पावलं बेळगावच्या बाजूला नेलं आणि तिथे उभं केलं. ‘सं’ वडगावकडे, जसं होतं तसंच. मग दोघे ओढ्याच्या खाचेत बसले.

चारला यमनाप्पा आला. मी ओरडायला हवं होतं. मित्रांनो, त्या दिवसापर्यंत मला आपण मुके आहोत हे कधी जाणवलं नव्हतं. त्याने बोटांनी ‘सं’ चाचपलं. मग नेहमीसारखा पाठ टेकून बसला.

अंबाजी पुढे आले आणि त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला.

“यमनाप्पा, तुला अटक हाय. गोदामाला आग लावल्याचा आरोप. ह्ये वॉरंट.”

“हात काढा, हवालदार. मी संस्थानात हाय. दगड बघा की.”

“दगड न्हाय बघायचा, जमीन बघायची,” अंबाजी म्हणाले आणि त्यांनी दहा पावलांवरची ती बाभळीची फांदी दाखवली.

यमनाप्पा वाकून, जवळ जाऊन, माती उकरून कोळसा बघून आला. पळाला नाही. खरं तर कोळशापाशी गेला त्या क्षणी तो संस्थानात उभा होता. पण अटक झालेला माणूस पळाला तर गुन्हा होतो, हे हवालदारांनीच माझ्यासमोर दहादा सांगितलं होतं आणि त्याने ते ऐकलं होतं.

“दोरी न्हाय लावत,” अंबाजी म्हणाले. “तू पळत न्हाईस.”

“अंजनी येईस्तवर थांबू का? ओझं हाय तिच्या डोक्यावर.”

“उगंच उशीर करायचा न्हाय, असा कायदा हाय.”

ते गेल्यावर भरमूने मला परत जागेवर नेऊन पुरलं. अंजनी आली तेव्हा मी होतो तिथे होतो.

कोर्टात यमनाप्पाने सगळं सांगितलं. मोजणीदार आला. दगड जागेवर, कोळसा जागेवर, आरोपी खालशाच्या दहा पावलं आत. अटकेत कुठेही खोट निघाली नाही. मित्रांनो, मी नंतर पुष्कळ शोधली. शिक्षा दोन वर्षं झाली. दुसऱ्या श्रावणात तो तुरुंगातच तापाने गेला.

तेव्हापासून चार वाजले की माझ्या ‘सं’वर पाठ टेकते. ऊब लागते, श्वास लागतो. समोर कुणी नसतं. भर पावसात मी सगळा भिजतो, पण त्या अंगाला पाठीएवढी जागा कोरडी राहते. एका मोजणीदाराने ‘एका बाजूस ओल नाही’ असा शेराही मारला आहे. अंजनी त्याच वाटेने जाते-येते. माझ्यापाशी थांबत नाही. दहा पावलं अलीकडे ओझं उतरवते, थोडा वेळ बसते, आणि पुन्हा आपलं आपण डोक्यावर घेते.

पेन्शनीत निघाल्यावर अंबाजी दरवर्षी पावसाळ्यात भरमूला घेऊन यायचे.

“अटक बिनचूक झालती, न्हवं रं?”

“व्हय, आण्णा. बिनचूक.”

“मग ह्यो हितनं वाळलेला कसा?”

यावर भरमू एकेक कलम बोटांवर मोजू लागे.

आता सत्तेचाळीस साल आहे. इंग्रज गेले, संस्थानंही जाणार म्हणतात. माझं काम संपलं. मला काढून मोटारीच्या थांब्याजवळ, लोकांना टेकून बसायला ठेवावं, असं पंचांचं ठरतं आहे.

मित्रांनो, अशा जागी शेवटी उपदेश करतात. वॉरंट ऐकून घ्या, हद्द तपासा, पळू नका, असं मी तुम्हाला सांगितलं असतं. पण यमनाप्पाने ते सगळं केलं होतं. म्हणून एकच विनंती आहे. माझी पायरी करा, धुण्याचा दगड करा, फोडून खडी केलीत तरी चालेल. पण पाठ टेकायला कुणी येईल अशा जागी मला ठेवू नका. ठेवलंतच, तर बसणाऱ्याला आधी सांगा की हा दगड एकदा हलला होता. हलवला गेला होता, असं म्हणायची सोय आहे. पण जो टेकला होता त्याच्या लेखी मी हललो.