जोत्यावरची चूल

आमचे आप्पा हट्टी. हूफडॉर्प या डच गावाची जमीन पूर्वी तळ्याचा तळ होती हे कळल्यापासून आमच्या नव्याकोऱ्या वसाहतीत त्यांचं मन लागेना. "यांनी तळं आटवून गाव वसवलं, आमच्याकडे गाव बुडवून तळं केलं," असं शेजारच्या ग्वेनबाईंनाही ऐकवून आले.

ग्वेनबाई मूळच्या वेल्समधल्या एका खेड्यातल्या. डच नवऱ्यामागे इथे आल्या, आता एकट्या. त्यांचंही गाव धरणात गेलेलं. मग काय, गट्टीच जमली. आप्पा मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपली आळी सांगायचे, बाई त्यांचं प्रार्थनाघर आणि तिथली गाणी. बुडालेल्या गावांचं मंडळ काढा, असं मी चिडवायची.

दोन हजार चारच्या मेमध्ये गावाकडून आप्पांच्या जुन्या शेजाऱ्यांचा, बाळासाहेबांचा फोन आला. धरण आटलं होतं, घरांची दगडी जोती उघडी पडली होती. अशा वेळी प्रत्येकानं आपल्या जोत्यावर चूल पेटवून भात रांधायचा, ही आमच्या गावाची रीत. ज्या जोत्यावर धूर नाही, ते घर संपलं असं गाव धरतं. आमच्या घरातले आता आप्पाच उरलेले.

"मंजू, माझं तिकीट बदल," ते म्हणाले.

मला नववा महिना संपत आलेला, आई जाऊन दोन वर्षं झालेली. माझं डोकंच फिरलं. "माझ्या बाळंतपणाला आलात की दगडांच्या?"

आप्पांनी पुन्हा विषय काढला नाही. भांडले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी ग्वेनबाई आल्या. त्यांना सगळं कळलेलं. "माझ्या भावानंही असाच फोन केला होता," त्या म्हणाल्या. "भिंती वर आल्यात, ये म्हणाला. मुलीची परीक्षा होती. पुढच्या वेळी येते म्हटलं. पुढच्या वेळेपर्यंत भाऊ राहिला नाही. आता आमचं घर कुठलं, ते दाखवायलाही कुणी नाही." जाताना म्हणाल्या, "हॉस्पिटलमध्ये मी येईन तुझ्याबरोबर."

मला आधी राग आला, मग खूप रडू आलं. संध्याकाळी मी नवऱ्याला, राजनला, तिकीट बदलायला सांगितलं.

मुलगी झाली तेव्हा एका बाजूला राजन होता, दुसऱ्या बाजूला माझा हात धरून ग्वेनबाई. घरी आल्यावर आप्पांचा फोन आला.

"आज चूल पेटली बघ. तुझ्या आईचं पान वाढलं, तुमचं दोघांचं, आपल्या छकुलीचं. आणि एक ग्वेनबाईंचं. लोक विचारायला लागले, हे कुठल्या घरचं? म्हटलं, आपल्याच घरचं. त्यांच्या जोत्यावर कोण पेटवणार चूल?"

ग्वेनबाई शेजारीच मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. मी फोन त्यांच्या कानाला लावला. आप्पा मोडक्या इंग्रजीत पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, आणि बाई माझ्या लेकीला छातीशी घट्ट धरून नुसत्याच "येस, येस" म्हणत राहिल्या.