गहाणाचं पत्र

आमच्या जर्मनच्या बाईंना लांबलचक शब्द फोडायचा भारी नाद. नर्सिंगच्या पोरींना बँकेतल्या शब्दाशी काय घेणं? तरी परवा त्यांनी फळ्यावर लिहिलाच: फांटब्रीफ. फांट म्हणजे गहाण, ब्रीफ म्हणजे पत्र. घरा-जमिनींच्या तारणावर तिकडच्या बँका काढतात तो रोखा. शिवाय ब्रीफ आलाय लॅटिनमधल्या 'आखूड' या अर्थाच्या शब्दावरून. आखूड लिखाण, ते पत्र.

मला हसू आलं. याहून आखूड लिखाण शिरूर कासारला आमच्या ओट्यावर होतं. माझे आबा ऊसतोडीचे मुकादम. दसऱ्याच्या आधी नवरा-बायकोच्या जोड्या येतात. एका जोडीला एक कोयता म्हणायचं. त्यांनी आगाऊ मजुरीची उचल घ्यायची आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर दोघांनी अंगठे द्यायचे. आकडा आबा मागाहून सवडीने भरतात. त्या आकड्यांवरच मी शिकले. त्याची लाज वाटायची, पण फी भरताना नाही.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. बंकट आणि साखराबाईचे अंगठे नुकतेच उमटले होते, तेवढ्यात पुण्याच्या एजन्सीचा माणूस आला. माझं जर्मनीतलं हॉस्पिटल ठरलं होतं. फक्त बाँडवर माझी आणि आबांची सही हवी होती. नोकरी मध्येच सोडली तर किती पैसे भरायचे, ती जागा कोरी होती.

"कोऱ्यावर सही?" आबा उसळले. "कावून? आमी काय येडे हाव का?"

"सगळेच करतात, साहेब. आम्ही नंतर भरतो. विश्वास ठेवा."

हे वाक्य आबांचंच होतं, अगदी शब्दन्‌शब्द. साखराबाई अंगठ्याची शाई पदराला पुसत होती. ती म्हणाली, "मुकादम, मंग आमचा बी आकडा भरा की."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, ओट्याखाली बसलेल्या वीस-पंचवीस कोयत्यांकडे पाहिलं. मग माझ्या बाँडवर सही ठोकली. पोटची पोर कोऱ्या कागदावर दिली, पण बाकीच्यांचे कागद भरायचे म्हटल्यावर हात आखडला. मला असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं.

पेन माझ्या हातात आलं. मी बाँड बाजूला सारला आणि साखराबाईचा कागद पुढे ओढला. "मावशी, उचल किती घेतली?"

पुण्याच्या माणसाने फाइल मिटली. "पुढच्या बॅचला बघू, मॅडम."

"बघा," मी म्हणाले.

साखराबाईने आकडा सांगितला, बंकटने मान डोलावली. मी तो अंकी लिहिला, मग अक्षरीही.

"पुरे झालं," आबा म्हणाले.

पण रांगेतला पुढचा कोयता उठून उभा राहिला होता.