पंधरावं माणूस

सिरिल हेस्केथला पक्षातून काढायला सभेत पंधरा माणसं लागत होती. आणि आमच्या वॉर्डात पंधरा माणसं जमवायची म्हणजे तोंडाला फेस येतो. सतरा वर्षं मी इथली सेक्रेटरी आहे, मला विचारा. एक जरी कमी भरलं तरी ठराव होत नाही. चहा प्यायचा आणि घरी जायचं.

सिरिलचा गुन्हा काय, तर तो ‘भोंगा’ विकायचा. गिरणी बंद पडल्यापासून दर शनिवारी, मार्केटच्या दारात, टोपी घालून. ‘भोंगा’ म्हणजे मार्क्सवाद्यांचं साप्ताहिक. ही मंडळी आमच्याच पक्षात राहायची आणि आमच्याच सभांमधून पक्षाला डावीकडे ओढायची. खाणकामगारांचा संप मोडला त्या वर्षी वरून फतवा आला: पक्षाच्या पोटात दुसरा पक्ष चालणार नाही. त्यावर सगळ्या भोंगेवाल्यांचं एकच पढवलेलं उत्तर, “कसली संघटना? आम्ही नुसते वाचक.”

खोटं कशाला बोलू, मलाही सिरिलचा वीट आला होता. मी म्हणायचं, मिल स्ट्रीटचे दिवे दोन महिने बंद आहेत, कौन्सिलला पत्र लिहू या. की हा उठलाच बँका ताब्यात घ्यायचा ठराव घेऊन! मग त्यावर दुरुस्ती, दुरुस्तीवर दुरुस्ती. अर्धी माणसं कंटाळून उठून गेली की मग हा मतदान मागणार. माझे पाय सुजून भोपळे व्हायचे. दिवे ते दिवे बंदच.

पण गाडीही याचीच. ज्याला बस नाही त्याला सिरिल घेऊन येणार. चढावरच्या ऑर्मरॉडबाई ब्याऐंशीच्या, खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांना तो दर महिन्याला आणायचा आणि त्या दर महिन्याला त्याच्या विरुद्ध मत द्यायच्या. वर गाडीत त्याला टॉफी भरवायच्या.

सिरिलला काढायची सभा ठरली, तिच्या आधीच्या शनिवारी मार्केटच्या दारात मँचेस्टरहून ‘भोंग्या’चा एक पुढारी आला होता. माझ्यादेखत म्हणाला, “त्या म्हातारीला आणू नका, हेस्केथ. ठराव तुमच्यावर, म्हणून तुम्हाला बाहेर बसवणार. म्हणजे चौदाच उरतात. सभाच होणार नाही.”

“बघू,” सिरिल म्हणाला आणि मला म्हणाला, “काय गं मॅव्हिस, अंक घेतेस का? की नुसतीच ऐकत उभी राहणार?”

“आधीचेच तीन उशाशी पडलेत. झोप छान लागते,” मी म्हटलं.

सभेच्या दिवशी संध्याकाळचे साडेसात वाजले तरी को-ऑपच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जूनचं ऊन होतं. मी डोकी मोजली. चौदा. आमचा अध्यक्ष डेरेक फेअरहर्स्ट घड्याळ बघत बसला. मला, खरं सांगते, हायसं वाटलं. मत द्यायची पाळीच येणार नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

“सावकाश. आणखी तीन पायऱ्या,” सिरिलचा आवाज.

“मला मोजता येतं, मेल्या!” ऑर्मरॉडबाई म्हणाल्या.

त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली आणि कुणी सांगायच्या आत बाहेर निघून गेला. कुणाला मान वर करून बघवेना.

“पंधरा,” डेरेक म्हणाला.

भाषणं झालीच नाहीत, कारण भाषणं करणारा बाहेर होता. काढा म्हणणारे सात, त्यात ऑर्मरॉडबाई. नको म्हणणारे सात.

“मॅव्हिस, तुझं काय?”

मी काही तत्त्वाबित्त्वाचा विचार केला नाही. मला पाय वर करून बसायचं होतं. पुढच्या महिन्यापासून सभा वेळेवर संपतील एवढंच मनात आलं आणि मी हात वर केला. काढा.

खाली सिरिल गाडीला टेकून उभा होता.

“झालं?”

“झालं. आठ विरुद्ध सात.”

आठवं कोण, ते त्याने विचारलं नाही. ऑर्मरॉडबाईंना पुढे बसवून म्हणाला, “तूही बस मागे. तुझे पाय दुखत असतील.” आणि मी बसले. लाज कशी वाटली नाही मला!

चढावर बाईंनी टॉफी सोलून त्याच्या तोंडात घातली. “तू माणूस चांगला आहेस रे, पण तुझं ते वर्तमानपत्र भारी कटकटीचं.”

“आता सुटलात,” तो म्हणाला.

मला उतरवताना त्याने काच खाली केली. “पुढच्या महिन्यात यांना कोण आणणार? वहीत लिहून ठेव. जिन्यात डाव्या हाताला धरावं लागतं.”

जुलैत मी डोकी मोजली. सिरिलच्या बाजूचे तिघे आले नव्हते. अकरा. डेरेक पाऊण तास जिन्याकडे बघत बसला. मीही. कुणाची काठी वाजली नाही. ऑर्मरॉडबाईंना आणायला माझ्याकडे गाडी नाही आणि ज्यांच्याकडे होती त्यांना मी विचारायची विसरले होते.

चहा पिऊन आम्ही उठलो. पावणेनऊला मी घरी होते. हवं होतं ते मिळालं होतं. कोट न काढता तशीच खुर्चीत बसले आणि पोटभर रडले.