वीस-वीसचा खांडवा

हर्षदाला बघायला कासुर्डीचे पाहुणे रविवारी येणार, असं माझ्या लेकानं, मच्छिंद्रनं, भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं. जसं काही कडब्याची गाडी येणार होती. पोरगी पंधरा वर्षांची, नववीतली. तीही नावापुरती नववीत. शाळेला दीड वर्ष कुलूप, आन् मोबाइलवरचा अभ्यास आमच्या वस्तीवर पोचायचा तो टाकीवर चढून बसलं तरच.

"वर्गातल्या तिघींची लग्नं झाली, आई," मच्छिंद्र म्हणाला. "पोरगी नुसती घरात. लोक विचारत्यात."

"लोकांना सांग, आमच्याच घरात हाय, तुमच्या न्हाई."

"शाळा चालू असती तर मी पाहुण्यांना हो म्हणलो नसतो."

"हे पुन्हा म्हण."

"शाळा चालू असती तर..."

"बास. मी ऐकलं, तुझ्या बापानंबी ऐकलं."

खाटेवरून आमच्या मालकांनी, रखमाजींनी, मान हलवली. उभ्या जन्मात त्यांनी मान हलवण्यापलीकडं फार काही केलं नाही, पण साक्षीला माणूस पक्का.

हर्षदा चुलीपाशी बसून काटक्या मोडत होती. मोडलेल्या काटक्यांचेही तुकडे करत होती. मी स्वतः दुसरीतून उठले ती मेंढरांमागं गेले, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. हिला तरी विचारणारं कुणी असावं, एवढंच मनात आलं.

त्याच आठवड्यात सरकारचा कागद आला होता. ज्या गावात महिनाभर कोरोनाचा रोगी नाही, तिथं ग्रामपंचायतीनं ठराव केला तर आठवीपासून वरचे वर्ग उघडायचे. आमच्या घोडनदीकाठच्या गावात पाच आठवडे कुणी साधं शिंकलं नव्हतं. अडलं होतं ते ठरावावर, आन् ठराव अडला होता सरपंचावर. सरपंच हौसराव म्हणजे माझ्या दिराचा मुलगा. माझे दीर, भैरूभाऊजी, एप्रिलात दौंडच्या दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून हौसराव गावाचं एकेक दार लावतच चालला होता. बाजार बंद, देऊळ बंद, पारावर बसायचं बंद.

शुक्रवारी शाळेच्या पटांगणात बैठक बसली. तोंडाला फडकी, दोन-दोन हातांवर माणसं. मी पुढं जाऊन बसले.

हेडमास्तर बबनरावांनी शाळा उघडू द्या म्हणून विनंती केली. बबनराव आमच्याच गावच्या बौद्धवस्तीतले. गावातली पहिली पदवी त्यांची, आन् त्यांचा रोहन तर स्वीडनला इंजिनेर. हौसरावचा पोरगा बिरदेव न्यूझीलंडला गाईंच्या गोठ्यावर कामाला. तो तिथं मशीननं पाचशे गाई पिळतो, आन् घरी असताना एका शेळीला भ्यायचा.

"आपण अडाणी," हौसराव म्हणाला. "शहाण्या देशांनी काय केलं ते आपल्याच पोरांना विचारू. मग ठरवू."

त्याला वाटलं, बिरदेव बंदच ठेवा म्हणेल आन् विषय मिटेल.

बबनरावांनी भिंतीवर मोठा पडदा लावला आन् दोघांना एकदमच फोन लावला. बिरदेवची संध्याकाळ होती, कानटोपी घालून बसलेला. रोहनची सकाळ, केस उभे.

"आमच्याकडं एक माणूस जरी सापडला, तरी अख्खं शहर बंद," बिरदेव म्हणाला. "पण रोग संपला की सगळं मोकळं. आत्ता शाळा चालू, बाजार चालू, तोंडाला फडकंबी न्हाई."

"ऐका! आधी बंद!" हौसरावनं मांडीवर हात मारला.

"आमच्याकडं लहान पोरांच्या शाळा बंदच केल्या नाहीत," रोहन म्हणाला.

"ऐका!" आता मागची पोरांची बापं ओरडली. "बंदच न्हाई केल्या!"

अर्धं पटांगण न्यूझीलंडचं झालं, अर्धं स्वीडनचं. ज्यांनी शिरूर सोडून शिक्रापूर पाहिलं नव्हतं, ते परदेशासाठी एकमेकांची गचांडी धरायला उठले. हौसराव म्हणाला, "बघा. शहाण्यांचंच एकमत न्हाई. आपण बंदच ठेवलेलं बरं. पुढचा विषय."

पुढचा विषय गटाराचा होता. मी उठले.

"थांब रं हौसराव. बिरदेवा, तुझ्या देशात यायला वाटा किती?"

"चारी बाजूंनी समुद्र, आजी. इमानानंच यायचं."

"मग दार लावणं सोपं. आपल्या गावाला वाटा किती? तळेगाव ढमढेऱ्याची जीप, शिरूरची एस्टी, दौंडचा रस्ता, कारखान्याच्या पाळ्या, नदीतली पायवाट. कुठंकुठं दार लावणार? आन् बिरदेवा, आजा गेला तवा तू आला व्हतास का?"

पडद्यावरचं पोरगं खाली बघायला लागलं. "येऊ दिलं न्हाई, आजी. परत आत घेत नव्हते."

"मोल पडतंच," मी म्हणाले. "रोहन, बाळा, आता तू सांग. तिथं म्हाताऱ्या कुठं राहत्यात?"

"वेगळ्या राहतात, आजी. बऱ्याच जणी वृद्धाश्रमात. आणि रोग तिथंच शिरला. फार माणसं गेली. नंतर इथल्या लोकांनीच कबूल केलं, म्हाताऱ्यांना सांभाळण्यात चुकलं म्हणून."

"आन् आमच्यात आजी आन् नातू एका वाकळंत निजतात. म्हंजी तुमचा कित्ता गिरवला तर आमचं काय व्हईल, ते तूच बघ."

रोहन म्हणाला, "आजी, पुलापलीकडं डेन्मार्क आहे. त्यांनी आधी बंद केलं, मग लहान लहान गट करून शाळा उघडल्या. गटातली पोरं गटातच. बाहेर झाडाखाली बसवायचे."

मी त्याला देशाचं नाव दोनदा विचारलं. मग हसू आलं ते आवरेना.

"त्यांच्याकडं मेंढरं असतील," मी म्हणाले. "अरं, हे तर माझ्या सासऱ्यांनी केलं! आमचा मेंढरांचा वाडा दौंडच्या अलीकडं भीमेकाठी बसलेला, तवा मेंढरांना देवी आली. पंधरा दिवस जाळ्याच्या वाघुरीत कोंडून पाला टाकला. मेंढरांची पोटं खपाटीला गेली. निम्मे म्हणायचे सगळी सोडा, निम्मे म्हणायचे एकबी सोडू नका. सासरे म्हणाले, एकदम सोडली तर रोग खाईल, कोंडली तर भूक खाईल. वीस-वीसचा खांडवा करा, लहान कळप. एका खांडव्याला एक राखण्या, एक वाट, एक पाणवठा. कुठलाच खांडवा दुसऱ्याला शिवायचा न्हाई. एकात रोग निघाला तर तेवढाच वाघुरीत, बाकीचे चरतील. आन् थकलेली मेंढरं सगळ्यांत लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला."

बबनरावांनी खिशातून पेन काढलं. "वर्गाप्रमाणं गट करता येतील, कुशाबाई."

"मास्तर, तुम्ही शिकलेले, पण इथं चुकताय. वर्ग केले तर थोरल्या वस्तीचं पोरगं नववीत, त्याची भन आठवीत, आन् सांजच्याला दोघं एका ताटात. वस्तीप्रमाणं करा. जी पोरं येताना एका वाटंनं येतात, त्यांचा एक खांडवा."

मास्तरांनी लिहिलेलं खोडलं. असा मोठेपणा शिकलेल्या माणसात कमीच.

हौसराव मात्र उभा राहिला. "काकी, समदं खरं. पण एखादं म्हातारं गेलं तर? माझा बाप गेला. ठरावावर सही माझी असणार."

आता त्याला झोडणं सोपं होतं. पण तो सरपंच म्हणून बोलत नव्हता, भैरूभाऊजींचा पोरगा म्हणून बोलत होता.

"तुझा बाप माझाबी दीर हुता," मी म्हणाले. "लग्न होऊन आले तवा माझ्या डोक्यावरचं ओझं उतरून घेणारा तेवढा एकच माणूस. म्हणून सांगते. लशीची दुसरी सुई होस्तवर गावातली थकली माणसं रानातल्या कोपींत, पाचटाच्या झोपड्यांत राहतील. डबा बांधावर ठेवायचा, नातवंडांनी लांबून हाका मारायच्या. मी आन् हे उद्या सकाळी जातो."

मागून मालक म्हणाले, "आजच जाऊ." लोक वळून बघायला लागले. कित्येकांनी त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

मग एकेक हात वर झाला. रानात जायला अकरा म्हातारी माणसं तयार. म्हातारी सोनाबाई म्हणाली, "सून सुटंल, मीबी सुटंन." हौसरावनं कागद ओढला, सही केली, आन् पेन ठेवायला हात लांब केला तसा माझ्या पायाशी वाकला. भिंतीवरून बिरदेव टाळ्या वाजवत होता. रोहन कुठं होता कोण जाणे, त्याचा चहा उतू गेल्याचा आवाज आला.

सोमवारी शाळा उघडायची ठरली. पाहुणे रविवारी यायचे होते.

मच्छिंद्र म्हणाला, "आई, शब्द दिलाय. बघून तर जाऊ दे."

"तू मलाबी शब्द दिलायस. शाळा चालू असती तर काय, ते तुझ्या बापाला विचार."

त्यानं पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन केला नाही. पाहुणे आले. आम्ही रानात, त्यामुळं ते बांधावर उभे राहिले, मी कोपीच्या दारात. मधे दहा हात अंतर, तरी माझा आवाज पोचतो.

"पोरगी सोमवारपासून शाळेत हाय," मी सांगितलं. "चहा घ्या आन् सुखरूप जावा."

मुलाचा बाप म्हणाला, "शाळा काय, महिन्याभरात पुन्हा बंद पडंल. मग बोलू. आम्ही थांबतो."

"थांबा. बंद पडली तर मी अडवणार न्हाई," मी म्हणाले. बोलून गेले आन् पाहुण्यांच्या मागं बांधाखाली हर्षदा उभी असल्याचं दिसलं.

सव्वीस दिवस झाले आन् खालच्या वस्तीतल्या एकाला ताप आला. कंपनीत जाणारा माणूस. तपासणीत कोरोना निघाला. त्याचा पोरगा दहावीत. गावात बोंब उठली, बंद करा. कासुर्डीहून मच्छिंद्रला फोनही आला. यांच्या कानापर्यंत वारा कसा जातो देव जाणे.

पण हौसराव शाळेच्या फाटकात उभा राहिला. हातात काठी, तोंडाला फडकं.

"खालच्या वस्तीची एकोणीस पोरं चौदा दिवस घरी," तो ओरडला. "बाकीचे चार खांडवे वर्गात. ज्याला बंद करायचंय त्यानं आधी माझ्याशी बोलावं."

बोंब मारणारे माघारी फिरले. एकोणिसांतल्या दोघांना कणकण आली, बरीही झाली. दुसऱ्या कुठल्याच वस्तीत रोग गेला नाही. रानातली अकराच्या अकरा माणसं धडधाकट. सोनाबाई तर अंगानं भरली. शेजारच्या गावानं शाळा सगळी उघडली होती. तिथं एक सापडला, तशी पुन्हा सगळी बंद केली. त्यांचा सरपंच आमच्याकडं विचारायला आला. हौसराव त्याला घेऊन थेट माझ्या बांधावर आला.

"काकी, यांना खांडवा सांगा."

मी सांगितला. दोनदा सांगितला, कारण शिकलेला माणूस होता, त्याला वेळ लागला.

तो गेल्यावर मच्छिंद्र आला. बांधावर उकिडवा बसला आन् माझ्यासमोरच त्यानं कासुर्डीला फोन लावला.

"व्हय, पाहुणं. शाळा चालू हाय. न्हाई, बंद पडणार न्हाई. दहावी झाली की अकरावीला शिरूरला घालणार हाय तिला. तुम्ही दुसरीकडं बघा."

त्यानं फोन खिशात टाकला. पलीकडच्या पायवाटेनं आमच्या वस्तीची पोरं शाळेतनं येत होती, एकामागं एक. हर्षदा सगळ्यात पुढं होती, मोठ्यानं पाढा म्हणत, आन् मागची पोरं तिच्यामागं म्हणत होती.