मरियाबाईंच्या पिशवीची साक्ष

मी एक जुनी कापडी पिशवी आहे. पुणतांब्याच्या मरियाबाईंनी खिडकीच्या निळ्या पडद्यातून मला शिवलं आणि आत जाड अस्तर लावलं. मित्रांनो, पिशवीच्या जन्माचं कौतुक कोण करतं? पण पहिल्याच रविवारी चर्चमध्ये पाळकांच्या बायकोनं मला उलटसुलट करून पाहिलं. "शिवण लई बारीक हाय," त्या म्हणाल्या. मी आठवडाभर अभिमानानं फुगून होते.

पुढची नऊ वर्षं मी मेथी वाहिली, मिरच्या वाहिल्या आणि रविवारी बायबल. मरियाबाई शाळेत खिचडी शिजवत. चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली की त्या उभ्या राहून घरातलं सगळं सांगत, अगदी धाकट्या भावावर, आमोसवर, काढलेला रागसुद्धा. हातचं राखून बोलणं त्यांना जमतच नसे. तीच सवय पुढे नडली.

गेल्या वर्षी आमोसचं शेजारच्या सूर्यभानशी बांधावरून कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी सूर्यभान कालव्याकाठी डोकं फुटून पडलेला आमोसलाच दिसला. उचलायला गेला तर माणूस संपलेला. आमोस घाबरला. रक्ताळलेला शर्ट त्यानं बहिणीकडे टाकला आणि पोलिसांना सांगितलं, "मी तिकडं गेल्तोच न्हाई." त्याला खुनाच्या आरोपाखाली धरून नेलं.

मग मी वकिलांचे जिने चढले. एकाची फी ऐकून मरियाबाई बसल्या जागेवरून उठल्याच. दुसऱ्यानं कागद न उघडताच "आधी पैशांची सोय करा" म्हटलं. परतताना एसटीत लंकाबाई नावाच्या ओळखीच्या बाई भेटल्या. "गरिबाला सरकार वकील देतं बाई, फुकट," त्या म्हणाल्या.

कोर्टात मरियाबाईंनी पहिल्याच शिपायाला विचारलं, "सरकारी वकील कुठं बसत्यात?" त्यानं बरोबर खोली दाखवली.

मित्रांनो, सरकारी वकील आरोपीचा नसतो, तो आरोपीविरुद्ध खटला चालवतो. फुकट वकील मिळतो तो विधी सेवेच्या कचेरीत, आणि ती तिथून तीन दारं पुढे होती. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. खोलीतल्या साहेबांना मात्र ठाऊक होतं.

"मी आमोसची थोरली बहीन," मरियाबाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा वर केला. "बसा. सगळं सांगा."

मरियाबाईंनी सगळं सांगितलं. भाऊ पोलिसांशी खोटं बोलला, तेही सांगितलं. मग माझ्यातून कागदात गुंडाळलेला शर्ट काढून टेबलावर ठेवला. "धुतला न्हाई साहेब. जे हाय ते तसंच ऱ्हाऊ दिलं." पोलीस आले, पंचनामा झाला. मरियाबाईंनी सही केली आणि साहेबांना हात जोडले. बाहेर पडताना त्या कितीतरी दिवसांनी हसत होत्या. ते हसू मला अजून सहन होत नाही.

जामिनाच्या दिवशी मी त्यांच्या मांडीवर होते. आमोसच्या बाजूनं मधुवंती नावाच्या तरुण वकीलबाई उभ्या राहिल्या. मरियाबाई पुटपुटल्या, "ही पोरगी मधी कशाला? आपले साहेब हायेत की."

मग आपले साहेब उठले. "आरोपी घटनास्थळी होता. रक्ताचा शर्ट त्याच्या सख्ख्या बहिणीनंच आणून दिला आहे."

मरियाबाईंनी माझा बंद इतका आवळला की तो उसवला. पिंजऱ्यातून आमोस वळून बघत होता. जामीन फेटाळला गेला.

"ताई, आमोसची वकील मी आहे," मधुवंतीबाई बाहेर म्हणाल्या. "सरकारनंच नेमलंय मला, पैसे लागत नाहीत. आधी माझ्याकडे का नाही आलात?"

"फुकट वकील म्हंजी सरकारीच न्हवं का?" मरियाबाईंनी विचारलं.

शर्टाचा डाग कागदातून माझ्या अस्तरावर उतरला होता, तो लक्षात आल्यावर पोलिसांनी मलाही जप्त केलं. आता मी मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे. मला जपा, असं मी सांगणार नाही. माझ्यासारख्या पिशव्या पुष्कळ शिवता येतात. पण घरच्या माणसासाठी कधी कोर्टाची पायरी चढावी लागली, तर दारावरची वकिलाची पाटी वाचून मन मोकळं करू नका. आधी विचारा, "साहेब, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

लेबल बांधताना हवालदारानं साक्षीदारांची यादी वाचली. सरकारच्या बाजूनं चौथं नाव मरियाबाईंचं आहे. मला समोर धरून त्यांना सगळं पुन्हा विचारतील, आणि त्या खोटं बोलणार नाहीत.